राहीबाईनं भिंगातून काय पाहिलं

मी पाथर्डीच्या दवाखान्यातला सूक्ष्मदर्शक बोलतोय. शिंगणापूरच्या शनिदेवाची शपथ, पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझा जन्म जर्मनीतला. म्हणजे, तसा अंबाल्यातला. पण माझं एक भिंग जर्मन आहे, असं मला विकणारा सांगायचा. शपथ शनीची आहे, तेव्हा जर्मनी मागे घेतो. बाकी सगळं खरं.

डॉक्टर गोरक्षनाथांनी मला खिडकीशी मांडलं. उन्हाकडे आरसा वळवला, की तालुक्यात माझ्याइतकं बारीक कुणाला दिसायचं नाही!

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात राहीबाई आपल्या सुनेला, केशरबाईला, घेऊन आली. दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायच्या. केशरबाईचा नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, आणि तिचं पोट वाढत चाललेलं. कामावरच्या बनुबाईनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "केशरे, बारसं कवा गं?"

"डाक्टर, खरं काय ते सांगा," राहीबाई म्हणाली. "पोर आसंल तर ही माज्या घरात पुन्ना येनार न्हाई."

"किती शपता घिऊ, आत्याबाई?" केशरबाईचा आवाज बसला होता.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. डाव्या कुशीत दगडासारखा गोळा. मग बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि माझ्याखाली सरकवला. मी पाहिलं आणि दचकलो. जिथं पाच-सहा पांढऱ्या पेशी दिसायच्या, तिथं जत्रा भरलेली!

"राहीबाई, पोर नाही. रक्ताचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "मुकादम सकाळी शिट्टी मारतो, तुम्ही हातोडी उचलता. संध्याकाळी मारतो, खाली ठेवता. पेशींनाही असेच निरोप मिळतात, वाढा, थांबा. हिच्या पांढऱ्या पेशींमध्ये वाढायची शिट्टी अडकलीय, ती वाजतेच आहे. थांबायचं कुणी ऐकत नाही. त्यांची गर्दी डाव्या कुशीतल्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत साठली, म्हणून पोट वाढलं."

"शिट्टी कुनी आडकवली?" राहीबाईनं विचारलं.

"ते अजून जगात कुणाला नीट कळलेलं नाही. गोळ्यांनी गर्दी कमी होईल. आजार मुळातून जायचा नाही."

राहीबाई उठून माझ्यापाशी आली. मग म्हणाली, "मला दावा." ती वाकली, नळीला डोळा लावला. तिला पांढऱ्या पेशी लख्ख दिसल्या. "दिसल्या. मुंग्यांवानी हायेत."

दुसऱ्या दिवशी खडीच्या ढिगावर उभी राहून ती बनुबाईला म्हणाली, "ह्या डोळ्यांनी तिचं रगात बघितलंय. पोर न्हाई, आजार हाय. तुला बघायचं आसंल तर चल माज्यासंगं."

बनुबाईनं मान खाली घातली. पुन्हा कुणी बारशाचं नाव काढलं नाही. गोळ्यांनी पोट ओसरलं. केशरबाई चार वर्षं जगली आणि शेवटपर्यंत राहीबाईच्याच घरात राहिली.

आता मी कपाटावर धूळ खात पडलोय. नव्या यंत्रांना म्हणे ती अडकलेली शिट्टीसुद्धा सापडते. सापडो! मला पुसायचं झालं तर मऊ कापडानं पुसा, एवढंच मागणं.

आणि शपथ शनीची आहे, म्हणून सांगूनच टाकतो. राहीबाईला पेशी दिसल्या, हे मी रचलं. वाकताना तिचा धक्का आरशाला लागला होता. आत काळोख होता. तिच्या पापण्या तेवढ्या माझ्या काचेवर फडफडल्या. ओल्या होत्या. "दिसल्या" असं मात्र ती खरंच म्हणाली.