साहेबाच्या सहीचं झाड

शेवडे साहेबाच्या बंगल्यातलं ते परदेशी झाड मरायचंच असेल तर साहेबाच्या सहीनं मरेल, हे सोजरबाईनं पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. तिच्या हातून ते मरणार नव्हतं आणि तिच्या नावावर तर मुळीच खपणार नव्हतं.

झाड होतं कॅमेलियाचं. शेवडे साहेब चिंचवडच्या एका कारखान्यात वर्क्स मॅनेजर. कारखान्याचं नाव घेऊन काय करायचं, पत्र्याचे सुटे भाग करणारे तेव्हा तिथं गल्लोगल्ली होते. साहेब जपानला गेला असताना तिथल्या भागीदार कंपनीच्या ओकुमुरा साहेबानं त्याला हे रोप भेट दिलं आणि ह्यानं ते विमानातून मांडीवर घेऊन आणलं. स्वतःची पोरं कधी मांडीवर घेतली असतील की नाही, देव जाणे. सोजरबाईच्या जिभेला ते नाव काही वळेना. ती त्याला कमळी म्हणायची.

आता ही सोजरबाई त्या बंगल्यावर माळीण कशी झाली, तेही सांगायलाच हवं. तिचा नवरा ज्योतीराम ह्याच साहेबाच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर होता. प्रेसमध्ये हात जाऊ नये म्हणून पुढं जाळी असते. जाळीमुळं दर नगाला दोन सेकंद जास्त जातात. एकोणऐंशीच्या श्रावणात साहेब पाळीवर आला आणि म्हणाला, "काढा ती जाळी, माल निघत नाहीये." तोंडी म्हणाला, कागदावर काही नाही. जाळी निघाली आणि चौथ्या दिवशी ज्योतीरामच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

बोटं गेली ती गेली. पण साहेबानं अहवालात लिहिलं की जाळी जागेवर होती, कामगार दारू पिऊन आला होता आणि त्यानंच ती सरकवली. खाली सही ठोकली. जाळी काढणाऱ्या फोरमननंही मान खाली घालून सही केली. ज्योतीराम सोळाव्या वर्षापासून माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात कधी बिडीसुद्धा ओढली नव्हती. आणि चाकणपासून आकुर्डीपर्यंत सगळ्या सोयऱ्यांत बोभाटा झाला की माळकऱ्यानं ढोसली होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यानं सोजरबाईपुढं मान वाकवली. "माळ काढ. मला गाठ सुटंना."

"का म्हनून?"

"कागदावर मी दारुडा झालोय. दारुड्याच्या गळ्यात माळ शोभत न्हाई. सायेब ज्या तोंडानं बोलला, त्याच तोंडानं खोटं बोललो म्हनंल, तवा घालीन."

तिनं माळ काढून देवाजवळच्या खुंटीला अडकवली. ज्योतीराम बोटांसाठी रडला नव्हता, माळेसाठी रडला. सोजरबाईच्या डोळ्यांत मात्र टिपूस आलं नाही. तिच्या पोटात जी आग पेटली, ती पुढं अडीच वर्षं विझली नाही.

कंपनीनं मोठं मन दाखवलं. नवऱ्याला घरी बसवलं आणि बायकोला साहेबाच्या बागेत माळीण म्हणून नेमलं. सोजरबाईचा बाप लोणावळ्याला एका शेटच्या बागेत माळी होता, त्यामुळं काम तिला पाण्यासारखं येत होतं. चाळीतल्या बायका तोंडावर म्हणाल्या, "ज्यानं नवऱ्याला धुळीला मिळवलं, त्याच्या दारात खुरपं धरनार? लाज कशी वाटत न्हाई?" ती म्हणाली, "व्हय, धरनार." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फाटकात हजर.

साहेबानं बाग दाखवली आणि म्हणाला, "कॅमेलियाला रोज दोनदा पाणी घालायचं. बोअरचं."

"सायेब, लिवून द्या."

"काय?"

"कारखान्यात म्हनं काम वहीत लिवल्याबिगर हुईत न्हाई. आमालाबी वही द्या. तोंडी हुकूम मी घेत न्हाई."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. साहेबाला ते कळलं नाही, त्याला हसू आलं. काम वहीत लिहिण्याचा नियम कारखान्यात त्यानंच आणलेला, त्यामुळं गंमतही वाटली. त्यानं कारखान्यातली एक वही आणवली, पांढऱ्या पानाखाली कार्बन आणि त्याखाली निळं पान असलेली, आणि पहिला हुकूम लिहून खाली ऐटीत सही केली. ड्रायव्हर आणि शिपाई खुसुखुसू हसले. सोजरबाईनं निळं पान फाडून कनवटीला लावलं. संध्याकाळी ज्योतीरामनं ते वाचलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

कमळी तेव्हाच आजारी होती. पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. कळ्या वाटाण्याएवढ्या व्हायच्या, तपकिरी पडायच्या आणि गळायच्या. सोजरबाईनं आठवड्यात दुखणं ओळखलं. बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की बादलीच्या काठावर पांढरा थर बसायचा. तिच्या माहेरी कामशेताकडं तांबडी माती आणि चार महिने धो धो पाऊस. हे झाड तसल्या मुलखातलं होतं.

तिनं साहेबाला सांगितलं. अगदी सरळ मनानं सांगितलं, हे तिच्या वैऱ्यानंही कबूल करावं. "सायेब, हिला बोअरचं पानी बाधतंय. पावसाचं पानी पिंपात साठवू. तांबडी माती मी मागवते."

"तू मला शिकवणार?" साहेबानं गुलाबांचं पुस्तक आणून तिच्या नाकासमोर नाचवलं. "बुंध्यात चुनखडी आणि हाडांचा चुरा टाक. गुलाबाला मानवतं ते हिलाही मानवेल."

"लिवून द्या."

दिलं लिहून. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी ह्या साहेबाची रीत होती, पण आता प्रत्येक वेळी जिभेमागं सही येत होती.

त्या दिवसापासून सोजरबाई हुकूम तंतोतंत पाळू लागली. चुनखडी म्हटलं तर चुनखडी, चुरा म्हटलं तर चुरा. कमळी झुरत चालली. संध्याकाळी निघताना सोजरबाई तिच्या पानांवर हात ठेवायची आणि तिला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं. झाडानं कुणाचं काय केलं होतं? "तुझा-माझा वैरी येकच हाय, बाये," ती पुटपुटायची. "थोडी कळ काढ."

एक्याऐंशीच्या ज्येष्ठात तिनं बापाची विद्या बाहेर काढली. मागच्या अंगाच्या एका फांदीची साल बोटभर रुंदीची गोल सोलली, तिथं ओलं शेवाळ लावलं आणि गोणपाटाच्या चिंधीनं घट्ट बांधलं. ह्याला गुटी म्हणतात. फांदी झाडावरच राहते आणि चिंधीच्या आत मुळं धरते. पावसाळाभर तिनं ती ओली ठेवली. साहेब रोज समोरच्या अंगानं झाड बघायचा आणि चुकचुकायचा. मागं वाकून बघायची त्याला सवय नव्हती.

भाद्रपदात साहेबानं फर्मान काढलं. "ह्या सगळ्या पिवळ्या फांद्या छाटून फेकून दे."

"लिवून द्या."

"सर्व पिवळ्या फांद्या छाटून फेकून देणे," असं साहेबानं लिहिलं आणि सही केली. गुटीची फांदीही इतर फांद्यांसारखी पिवळीच होती. सोजरबाईनं सगळ्या छाटल्या आणि कचऱ्याच्या पाटीत भरल्या. पाटी घेऊन फाटकाबाहेर पडली, ती उकिरड्यावर न जाता सरळ आकुर्डीच्या चाळीत गेली.

डालडाचा मोठा डबा, भावानं पोत्यातून आणलेली तांबडी माती, पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी. ओट्याच्या ज्या कोपऱ्यात दुपारचं ऊन पोचत नव्हतं तिथं डबा ठेवला. ज्योतीराम दिवसभर घरी. डाव्या हातानं तांब्या धरून तो तिला पाणी घालायचा. दिवाळीपर्यंत पानं हिरवीगार झाली, संक्रांतीला कळ्या टपोऱ्या झाल्या आणि त्या गळल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी कारखान्यात धांदल उडाली. चार मार्चपासून सुरक्षा सप्ताह, आणि त्याच्या उद्घाटनाला ओकुमुरा साहेब जपानहून येणार. बोटं खाणाऱ्या प्रेसला हार घालून सुरक्षेची भाषणं व्हायची होती. तळेगावला नवा कारखाना निघत होता आणि त्याचा मुख्य कोण, ते ओकुमुरा साहेबाच्या शब्दावर ठरणार होतं. शेवडे साहेबानं पत्रांतून त्याला कळवून ठेवलं होतं की तुमचं झाड दर वर्षी फुलानं लहडतं. पाहुण्यानं उत्तर धाडलं की बंगल्यावर चहाला येईन आणि फुलं बघेन.

मग आपल्याकडं मोठा पाहुणा येणार म्हटलं की जे होतं तेच झालं. गेरू आणि चुना! फाटकाचे दगड, कुंड्या, नारळाचे बुंधे, सगळ्यांना पट्टे ओढले. साहेबानं कमळीलाही सोडलं नाही. "आळ्याच्या विटांना चुना मार. बुंध्यालाही हातभर मार. उरलेला आळ्यात ओत, कीड मरेल."

सोजरबाईला माहीत होतं, हा शेवटचा घाव. तिनं वही पुढं केली. "लिवून द्या, सायेब."

चौथ्या दिवशी कमळीच्या अंगावर पान उरलं नाही. पाहुणा यायला दोन दिवस होते.

सकाळी साहेबानं झाड बघितलं आणि त्याचा तोल गेला. ड्रायव्हर, शिपाई, रंगारी सगळ्यांच्या देखत तो ओरडला. "काय केलंस हे? पिऊन कामावर येतेस काय? नवऱ्याची सवय लागली वाटतं!"

चोराच्या उलट्या बोंबा! सोजरबाईचे कान तापले. हाच शब्द, हेच तोंड. पण तिचा आवाज चढला नाही. तिनं वही उघडून त्याच्यासमोर धरली. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण पान न् पान तिला पाठ होतं. "बोअरचं पानी दोनदा. सही कुनाची? चुनखडी. सही कुनाची? बुंध्याला चुना, उरलेला आळ्यात. चारच दिसांची हाय, सायेब, शाई वाळली नसंल."

साहेबानं वही फाडायला हात घातला.

"फाडा की. खालची निळी पानं ज्योतीरामापाशी हायेत. परवा सुरक्षेचं भाषान चालू असताना मी फाटकात उभी ऱ्हानार. पाव्हण्याला मराठी येत न्हाई, पर सही वळकंल. तुमच्या पत्रांवर बघितलीच असंल त्यानं."

नाक दाबलं की तोंड उघडतं. साहेबानं माणसांना घालवून दिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "काय पाहिजे तुला? कायम करू? नवऱ्याला वॉचमन घेऊ?"

"पाव्हण्याला फूल दाखवायचंय न्हवं? फूल माज्या दारात हाय. पयली पाळी सुटल्यावर चाळीत या. तितं माज्या नवऱ्याबद्दल काय खरं ते वहीत लिवा, आन् वाचून दावा. मग देते फूल."

साहेब आला. पहिली पाळी सुटून माणसं सायकली लावत होती, तेवढ्यात त्याची गाडी चाळीच्या तोंडाशी थांबली. नळावरच्या बायका हंडे ठेवून उभ्या राहिल्या. ओट्याच्या कोपऱ्यात डालडाच्या डब्यात कमळी उभी होती आणि तिच्यावर तीन लालभडक फुलं होती. साहेब बघतच राहिला.

सोजरबाईनं वही आणि पेन पुढं केलं. साहेबानं चार ओळी लिहिल्या, सही केली आणि घाईघाईनं ओठांतल्या ओठांत वाचू लागला.

"मोठ्यानं," सोजरबाई म्हणाली. "जाळी काढायला सांगितली तवा प्रेसच्या आवाजात बी ऐकू गेलं होतं."

साहेबाच्या कानशिलावरून घाम ओघळला. त्यानं मोठ्यानं वाचलं. "जाळी माझ्या हुकमावरून काढली होती. ज्योतीराम त्या दिवशी दारू प्यालेला नव्हता. अहवालात मी खोटं लिहिलं."

घोळक्यात मागं उभ्या असलेल्या फोरमननं डोक्यावरची टोपी काढली. सोजरबाई आत गेली, खुंटीवरची माळ घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत ज्योतीरामच्या गळ्यात घातली. गाठ तिनंच मारली.

साहेब डबा उचलायला वाकला.

"हात लावू नगा!" सोजरबाईनं कात्री उचलली, तिन्हींतलं एक फूल देठाशी कापलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "फूल म्हनलं होतं. हे घ्या फूल."

"आणि झाड? पाहुणा विचारेल, झाड कुठंय. काय सांगू त्याला मी?"

"ही त्याच झाडाची पिवळी फांदी. छाटून फेकून दे म्हनून तुमची सही हाय. फेकलेलं परत मागायचं नसतं, सायेब."

साहेब ते एकुलतं एक फूल घेऊन गाडीपर्यंत चालत गेला. दोन्ही बाजूंना पाळी सुटलेले कामगार उभे होते आणि कुणीही वाट सोडायची घाई केली नाही. गाडी वळून दिसेनाशी झाली.

ज्योतीराम अंगठ्यानं माळेचे मणी चाचपत हळूच म्हणाला, "सोजर, मानूस पार मोडून गेला बघ. द्यायचं होतंस की झाड. माफ करावं मानसानं."

सोजरबाईनं पिंपातून तांब्या भरला आणि कमळीच्या बुंध्यात ओतला.

"माफ तुमी करा," ती म्हणाली. "माळ तुमच्या गळ्यात हाय. माज्या न्हाई."