तेजराव वकिलाची फुकट शिकवणी

माणूस फुकट काही देऊ लागला की मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे पाहतो. पतसंस्थेच्या काउंटरमागे जन्म गेला. नोटेपेक्षा नोट सरकवणारी बोटं वाचायची सवय लागली. म्हणून आमच्या जानेफळातल्या तेजराव वकिलाने गजेंद्रच्या पोरीला, योगिनीला, संविधान फुकट शिकवायचं कबूल केलं तेव्हा सगळं गाव 'केवढा मोठा माणूस' म्हणालं, अन् मी म्हणालो, "पाहू."

तेजरावाच्या ओट्यावर मी रोज सकाळी बसतो. त्याच्याकडे पेपर येतो, माझ्याकडे वेळ आहे. त्याला अहो-जाहो करायची सवय माझ्या तोंडाला आहे, लेखणीला नाही; तेव्हा इथे तो 'तो'च राहील. मेहकरच्या कोर्टात त्याने जमिनीचे दावे लढवले. आता गुडघे गेले म्हणून पक्षकार ओट्यावर येतात. डोकं मात्र अजून न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखं. एक खोड सोडली तर माणूस दिसायला स्वच्छ: पान उलटायचं म्हटलं की जीभ बाहेर काढून बोट ओलं करतो. त्याच्याकडच्या संविधानाच्या पुस्तकात मूलभूत हक्कांच्या पानांचे कोपरे थुंकीने फुगून पिवळे पडलेत. तेच पुस्तक तो त्या पोरीसमोर सरकवायचा आणि 'वाच' म्हणायचा. ती नखाने पान उलटायची.

योगिनीचं लॉ बुलढाण्याला झालं होतं. सगळे विषय सुटले, संविधान दोनदा राहिलं. गजेंद्र चार एकरवाला, सरळ माणूस, पण त्याचाही धीर संपत आला होता. त्याने पोरीला चारचौघांत सांगून टाकलं होतं, "या खेपेले विषय सुटला त सनद घे, कोर्टात जाय, मी आडवा येत नाई. नाई सुटला त चैत्रात लगन."

आता दुसरी बाजू. तेजरावाचा पुतण्या रवी. ओलिताचं वावर, ट्रॅक्टर, स्लॅबचं घर, अन् पस्तिशीला टेकलेलं वय. शेती करणारा नवरा कोणत्याच पोरीला नको. दिवाळीत तेजरावाने गजेंद्रकडे शब्द टाकला होता, तो योगिनीने 'आधी सनद' म्हणून परत पाठवला. त्यानंतर महिन्याच्या आत त्याच घरातून फुकट शिकवणीचा निरोप आला. गावाने या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या. मी एकाच पानावर मांडल्या.

शिकवणी मधल्या खोलीत चालायची. तिची खिडकी ओट्यावर उघडते, अन् माझी खुर्ची खिडकीखाली. एका विद्यार्थिनीला एक गुरू, असं तेजराव सगळ्यांना सांगायचा. प्रत्यक्षात गहू निवडायच्या निमित्ताने त्याची बायको सत्यभामाबाई तिथेच बसलेली, आणि पलंगावर रवी पायाची नखं कापत असलेला. नखं उडून कुठे पडतात इकडे त्याचं लक्ष नसायचं. त्याचं लक्ष कुठे असायचं ते मी लिहीत नाही.

"अनुच्छेद चौदा. कायद्यापुढे सगळे समान," तेजराव म्हणायचा.

"योगिनी, पाणी आन वं बाई," सत्यभामाबाई म्हणायची. पोरगी उठून गेली की तिची चाल पाहायची, आली की उंची. "चौकटीले डोकं लागते का वं तुह्यं? केस तुह्येच हायेत ना, गंगावन त नाई?" असं म्हणून वेणी ओढून पाहिलेली मी या डोळ्यांनी पाहिली. बाजारात बैलाचे दात पाहतात तेव्हा निदान बैलाला शिकवणीला आलास असं कोणी सांगत नाही.

"सर, पुढे?" योगिनी विचारायची. चेहरा वाचता येत नव्हता तिचा.

हे सगळं ओंगळ होतं, पण ओळखीचं ओंगळ होतं. आपल्याकडे पोरगी पाहायला जातात. या लोकांनी पोरगी रोज घरी पाहायला बोलावली, एवढाच फरक. खरा डाव मला त्या दिवशी दिसला जेव्हा त्यांनी मालमत्तेचा हक्क काढला.

"सर, गाईडमध्ये लिहिलं हाय की तो आता मूलभूत हक्क नाई. तीनशे-अ मध्ये नेला," योगिनी म्हणाली.

"गाईड वाचूनच दोनदा राह्यली ना तू?"

तिने गाईड मिटलं.

"ऐक मग. कलम बदललं, जात बदलली नाई. बैलाचा खुंटा बदलला म्हणून बैल म्हैस होते का वं? मालमत्ता मूलभूत होती, अन् मूलभूतच हाय. कोणी हात लावला की थेट सुप्रीम कोर्ट. हे लिही. तपासणारा चाट पडते. असं वरचं लिहिलं तरच मार्क."

तिने लिहून घेतलं. खिडकीखाली माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. मी वकील नाही. पण याच ओट्यावर, याच तोंडातून, वर्षानुवर्षं मी ऐकत आलो होतो की मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही, सुप्रीम कोर्टात थेट उडी मारता येत नाही, नागपूरला हायकोर्टात जा. पक्षकाराला एक आणि पोरीला दुसरं. दोन दिवस कान देऊन ऐकलं. आणीबाणीचं उलटं, घटनादुरुस्तीचं उलटं. चुकत नव्हता तो. चूक करणारा मधूनमधून बरोबरही सांगतो.

म्हातारा तिला नापास व्हायला शिकवत होता. ती नापास झाली की चैत्र. चैत्र आला की रवी. आणि गजेंद्र वर हात जोडून म्हणणार, साहेबांनी जीव तोडून शिकवलं, पोरीचंच नशीब.

त्या दिवशी त्या घरचा चहा मी तसाच ठेवून उठलो.

बसस्टँडवर योगिनीला गाठलं, सांगितलं. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहून म्हणाली, "काका, तुम्ही पतसंस्थेत होते. ते वकील हायेत."

बरोबर होतं. काउंटरवाल्याच्या तोंडचं संविधान कोण खरं मानेल? मग ते वकिलाच्याच तोंडून काढायला पाहिजे होतं.

संधी बाजारच्या दिवशी आली. सुलतानपूरचे किसनराव आले. मोठे जमीनदार, फी आधी देणारे, म्हणून तेजरावाचे लाडके. रस्त्याच्या ठेकेदाराने त्यांच्या वावरातला लांबच लांब पट्टा कागद ना मोबदला असा दाबून टाकला होता. योगिनी आत चहा करत होती. हो, तोवर शिकवणीत चहाही आला होता. ती ट्रे घेऊन दारापर्यंत आली तशी मी किसनरावांना म्हणालो, "घाबरता काऊन, किसनराव? जमीन म्हणजे मूलभूत हक्क. उद्याच दिल्लीची गाडी पकडा. सुप्रीम कोर्ट!"

"खरंच का हो, वकीलसाहेब?" किसनराव खुर्चीत पुढे सरकले. "दिल्ली?"

तेजरावाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या ताटात हात घातला. खिशात फी घेऊन बसलेला पक्षकार चुकीच्या गाडीत बसत होता.

"ह्या कॅशियरचं काय ऐकता? कसला मूलभूत बे! अठ्ठ्याहत्तर सालीच चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं गेला तो. आता तीनशे-अ. मूलभूत नाई म्हणून सुप्रीम कोर्टात थेट जाता येत नाई. आपण नागपूर खंडपीठात रिट टाकू, दोनशे सव्वीसखाली. लहान पोरालेही माहीत हाय हे!"

"लहान पोरालेही," मी म्हणालो.

योगिनी दारात उभी होती. कपबशा किणकिणल्या नाहीत. तिने ट्रे ओट्यावर ठेवला आणि विचारलं, "मग सर, मले उलटं काऊन लिहून देल्लं?"

दुसरा कोणी असता तर लाजला असता. तेजरावाने सुपारी गालात फिरवली. "ते कोर्टातलं, हे परीक्षेतलं. दोन्ही येगळं अस्ते. तुले नाई समजणार."

आतून सत्यभामाबाई म्हणाली, "मूलभूत असो की नसो, पोरीच्या जातीले चहा चांगला जमला पाहिजे. रवी, कसा झाला रे चहा?"

"मस्त," रवी म्हणाला.

त्या एका शब्दावर योगिनीने आधी रवीकडे पाहिलं, मग सत्यभामाबाईकडे, मग सरांकडे. हिशोब जुळताना माणसाचे डोळे कसे थांबतात ते मी ओळखतो. ती चप्पल घालून निघून गेली.

रात्री तिने बापाला सांगितलं. गजेंद्र म्हणाला, "एवढा मोठा माणूस. तुह्या ऐकण्यात फरक झाला असंन." परीक्षा आठवड्यावर आली होती. मी मनात ती बाकी बुडीत धरली.

चुकलो. सकाळी ती हजर. मधल्या खोलीतली खुर्ची तिने स्वतः ओढत ओट्यावर आणली आणि पक्षकारांच्या रांगेत मांडली. "आत उकडते, सर. इथंच शिकवा."

"इथं? लोकं हायेत."

"म्हणूनच त," ती म्हणाली. "सर, आणीबाणीत अनुच्छेद एकवीस, जगण्याचा हक्क, थांबवता येते का?"

आत त्याने 'येते' सांगितलं होतं. ओट्यावर चार पक्षकार बसले होते, चौघांच्या टोप्या तिकडे वळल्या. तेजरावाने बोट ओलं केलं. मग, जसा ताप उतरताना घाम येतो तसं, नाइलाजाने सत्य बाहेर आलं. "नाई येत. वीस अन् एकवीस नाई."

"अन् घटनादुरुस्तीनं काहीही बदलता येते?"

"मूळ चौकट सोडून," तो दात आवळून म्हणाला.

"वकीलसाहेब शिकवतात मस्त हो!" किसनराव म्हणाले. ते तारखेसाठी आले होते. त्यांनी तर स्वतःची शंकाही विचारली. तेजरावाला फुगावंही लागलं अन् फुटावंही.

आठवडाभर हे चाललं. आतून 'योगिनी, चहा' अशी हाक आली की ती तिथूनच म्हणायची, "रवीभाऊ करतील, मले अजून इचारायचं हाय." 'भाऊ' ऐकून खिडकीतलं नखं कापणं थांबलं.

ती पास झाली. चांगल्या मार्कांनी.

आता इथे कथा संपली असती तर मी हे लिहिलं नसतं. निकालानंतर गजेंद्र शाल-श्रीफळ घेऊन ओट्यावर आला, पोरगी मागे. ओटा भरलेला. तेजरावाने शाल घ्यायला हात पुढे केला, आणि तो हात तसाच ठेवून म्हणाला, "शाल राहू दे, गजेंद्र. फी मी घेतली नाई, मागतही नाई. घरच्या पोरीकडून कोणी फी घेते का? आता घरचीच करून टाकू. रवीसाठी शब्द दे."

नापास झाली तरी रवी, पास झाली तरी रवी. दोन्ही पारड्यांत स्वतःचंच वजन टाकणारा असा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. गजेंद्रची मान खरंच वाकू लागली होती. उपकाराचं ओझं गरिबाला आधी मानेवर जाणवतं.

"बाबा," योगिनी म्हणाली, "सरांनी मले आत शिकवलं ते मी लिहिलं असतं, त आज आपण लगनाची तारीख काढत बसलो असतो. ओट्यावर शिकवलं ते लिहिलं. ते किसनराव काकाच्या फीमधलं होतं. खोटं असंन त सरांनी सांगावं. किसनराव काका इथंच हायेत."

सगळे तेजरावाकडे पाहू लागले. 'खोटं' म्हणायला त्याने तोंड उघडलं, किसनरावांकडे नजर गेली, अन् मिटलं. किसनराव हळूच म्हणाले, "म्हणजे पोरीले मुद्दाम...? अरारारा."

गजेंद्रने शाल आणि नारळ परत पिशवीत टाकलं. घाई न करता, नाडी बांधली. "येतो," एवढंच म्हणाला. 'साहेब' म्हणाला नाही. पोरगी पुढे, बाप मागे.

तेजरावाने बोट जिभेला लावलं, पान उलटलं आणि म्हणाला, "हं, किसनराव. आपलं रिट." आणि किसनराव खुर्ची पुढे ओढून बसले. वकील हुशार आहे, जमीन अडकली आहे. मला ती ओली बोटं पाहवली नाहीत. पेपर घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवला आणि उठलो.

आता मी पेपर विकत घेतो. स्टँडवरच्या टपरीवर, कोर्टात जाणाऱ्या योगिनीच्या मेहकरच्या एसटीच्या वेळेला.