मोकळी केलेली गल्ली

लातुरात तेव्हा दर तिसऱ्या घरात क्लास होता आणि उरलेल्या घरांत क्लासची पोरं. नोट्स इतक्या निघायच्या, की जलीलभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंगला हात पुरत नव्हते. आणि भामाबाईच्या घरात दोन हात रिकामे होते, तिच्या अश्वजितचे.

अश्वजित बावीस वर्षांचा, जन्मापासून आंधळा. बोलतो मोजकं, एकच काम शंभरदा केलं तरी कंटाळत नाही, आणि ताट रोजच्या जागी नसलं तर घास घेत नाही. याला ऑटिझम म्हणतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो पंधराचा होता. "नाव काय बी असू द्या, पोरगं माझंच हाय," एवढंच भामाबाई म्हणाली होती. शाळेच्या सुट्टीत तिनं त्याला स्वतः नेऊन जलीलभाईकडे महिनाभर बसवून पाहिलं. पानांना भोकं पाडायची आणि तार ओवायची; एक पान तिरकं गेलं नाही. जलीलभाई खूश झाला, पण अट घातली.

"नऊला यायचं, आपल्या पायानं. तुम्ही शाळेत ड्यूटीवर, मी दुकानात. आणायला-न्यायला कोण हाय, भामाताई?"

जमलं तर काम, नाहीतर पुन्हा दिवसभर घर. भामाबाईनं त्याला तीन महिने काठी घेऊन गल्लीच्या या टोकाच्या घरापासून त्या टोकाच्या दुकानापर्यंत चालवलं. तिचा जीव टांगणीला, पोरगा मात्र निवांत.

सोमवार उजाडला आणि गल्लीला उमाळा आला. पोरगं आज एकटं निघणार, ठेच लागायला नको! पुढारपण जलीलभाईचंच. गौसियाच्या खानावळीपुढचा पाण्याचा लोखंडी ड्रम आत गेला. क्लासच्या पोरांच्या सायकली मागच्या बोळात गेल्या. शिवप्पानं आपली इस्त्रीची गाडीसुद्धा कोपऱ्यात ढकलली. वरातीलाही कधी झाली नव्हती इतकी गल्ली मोकळी झाली आणि सगळे ओट्यांवर कौतुकानं उभे राहिले.

अश्वजित निघाला. वीस पावलांवर त्यानं काठी डावीकडे फिरवली. काहीच लागलं नाही. पुन्हा फिरवली. मग तो रस्त्यातच खाली बसला, कानांवर हात ठेवून डुलायला लागला.

"सरळ ये, सरळ!"

"अरे, वाट मोकळीच हाय!"

सगळे एकदम ओरडले. तो जोरजोरात हुंकार द्यायला लागला. भामाबाईनं धावत जाऊन त्याचा दंड धरला. "चल बाळा, घरी जाऊ."

त्यानं हात झटकला. "ड्रम न्हाई. ड्रम कुठाय?"

भामाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोकांनी अडचण म्हणून जे जे उचललं, तेच धरून तर पोरगा चालत होता! ती आख्ख्या गल्लीवर कडाडली, "गप बसा समदे! आन जिथलं तिथं आणून ठेवा आधी!"

"करायला गेलो गणपती अन् झाला मारुती," असं पुटपुटत शिवप्पा गाडीकडे पळाला. जलीलभाईनं ड्रम गडगडत आणला. "वीतभर पुढं होता जी!" गौसिया दारातून हुकूम सोडत होती. सायकली रांगेत लागल्या, जलीलभाई बादलीनं ड्रम पुन्हा भरायला लागला. आपली गाडी नेमकी कुठं असायची, यावर मात्र शिवप्पाचं कुणाशीच जमेना.

आरडाओरडा थांबला तसा अश्वजित उठला. काठी ड्रमवर ठण्ण वाजली. सायकलींच्या चाकांच्या तारांवरून खरखरत गेली. इस्त्रीच्या गाडीपाशी तो थांबला. चाचपून पाहिलं, काठी काखेत घेतली आणि गाडी हातभर मागं ढकलली.

"इथं," तो म्हणाला.

"मी बी तेच सांगायलो कवाधरनं!" शिवप्पा म्हणाला.

भामाबाई तीन पावलं मागून हात पुढे करून चालत होती. अश्वजित न वळताच म्हणाला, "आई, ड्यूटी." तिचा हात खाली आला. ती तिथंच थांबली. इतकी भीती तिला त्याच्या जन्माच्या वेळीही वाटली नव्हती.

कोपऱ्यावरच्या क्लासची नऊची घंटा झाली. अश्वजितनं दुकानाचं शटर चाचपलं, कुलूप हाताला लागलं. मग त्यानं काठीनं शटर दणादणा वाजवलं.

"जलीलभाई! नऊ वाजले. दुकान बंद हाय."

ड्रम भरत बसलेला जलीलभाई ओल्या बाह्यांनी, किल्ल्या शोधत धावला. "आलो साहेब, आलो!"

भामाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून हसली आणि हसता हसता रडली. पोरगा वेळेवर पोचला होता, मालकालाच उशीर झाला होता.