मागच्या खोलीतला सेंटर फॉरवर्ड

नागपुरात, नंदनवनातल्या नव्या घरात सामान लावायला शामलाची मोठी जाऊ अरुंधती आली होती, तेव्हाच तिने बजावून ठेवलं होतं. "मागची खोली रिकामी ठेवू नको वं शामला. एखादी शिकणारी पोरगी भाड्याने ठेव, नाही तर गोवऱ्या भर. रिकामी दिसली का क्लबवाले शिरलेच म्हणून समज. महालातल्या घरात माझ्या न्हाणीचा कोनाडासुद्धा त्यांच्या बुटांनी भरला होता."

शामला हसली होती. अमरावतीच्या कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेली मुलगी ती. चार माणसांना तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही म्हणजे काय! "येऊ द्या की वहिनी," ती म्हणाली, "मी बसलेच आहे दारात."

दारात ती बसलीही, पण चिमीला मांडीवर घेऊन. आणि मांडीवर तान्हं मूल असलेल्या बाईचं 'नाही' कोणी ऐकून घेत नाही, हे अर्थशास्त्रात कुठे शिकवत नव्हते.

क्लब म्हणजे महाल भागातला आझाद स्पोर्टिंग, फुटबॉलचा. रुपराव त्याचा सेक्रेटरी. त्याचं सायकलींचं दुकान होतं, पण दुकानात तो सापडेल तर शपथ. शामलाचा नवरा श्रीधर जॉइंट सेक्रेटरी, म्हणजे चहा ज्याच्या घरचा तो. तिसरा ओमप्रकाश. हा सदरमध्ये कापडाच्या दुकानात कामाला होता, आणि सदर म्हणजे शत्रूचा मुलूख. तिथल्या तेलमिलच्या सेठने कुबेर इलेव्हन नावाची टीम पाळली होती. पाळली हा रुपरावचा शब्द. संध्याकाळी ऑफिसं सुटली की हे तिघं शामलाच्या व्हरांड्यात बसत आणि सेठची सालटी काढत.

"ऐकलं का गा श्रीधर?" पायरीला बूड टेकायच्या आधीच रुपरावचं सुरू होई. "सेठनं कलकत्त्याचा गोलकीपर आणला. त्याले रोज मासोळी लागते. मिलचा म्यानेजर सकाळपासून इतवारीत मासोळ्या हुंगत फिरून राहिला."

"गोलकीपर है के दामाद है?" ओमप्रकाश.

"दामादच तो. अन् येवढं खाऊन त्याच्या दोन पायांतून बॉल जाते. बॉल काय, बकरी जाईन."

"और कोच का सुना? सट्टे की धाड में पकडा गया."

"हाव! पोलिसानं खिशातून आकडे काढले तं म्हंते, हे सट्ट्याचे नाई साहेब, जर्सीचे नंबर हायेत."

तिघंही मांडीवर थापा मारून हसत. मग रेफरीच्या मुलीच्या लग्नात तेलाची पिंपं कोठून आली, हैदराबादचा तो नवा हाफबॅक रात्री कोणत्या गल्लीत दिसला, सेठच्या टीमला नवे बूट कसे बाटाच्या दुकानातून खोक्यांनी आले, हे सगळं पुन्हा पुन्हा चघळलं जाई. आतल्या खोलीत चिमीला थोपटत शामला ऐके. पहिले काही दिवस तिला गंमत वाटली. पुढे तिच्या लक्षात आलं, की या लोकांना फुटबॉलपेक्षा सेठ जास्त आवडतो. आझाद हरला तर सेठने रेफरी फोडला. आझाद जिंकला तर सेठचे खेळाडू माजले. सेठ उद्या मेला असता तर या तिघांना संध्याकाळी करायला काही उरलं नसतं.

"सेठ खेळाडू इकत घेते," शेवटी चहाचा कप उलटा करून रुपराव म्हणे. "आपण माणसं जोडतो."

माणसं कशी जोडतात ते शामलाला उन्हाळ्यात कळलं.

उन्हाळा सरत आला की फुटबॉल असोसिएशनच्या ऑफिसात सह्यांचा आठवडा लागे. खेळाडूने स्वतः येऊन सही करायची; ज्या क्लबासाठी सही, त्या क्लबाचा तो वर्षभर. साहजिकच सहीच्या घडीला खेळाडू ज्याच्या ताब्यात, त्याचा तो. म्हणून सगळेच क्लब आपापली चांगली पोरं आधीपासून दडवून ठेवत, कोणी शेतावर, कोणी सासुरवाडीला. मागल्या वर्षी आझादच्या लेफ्ट आउटला खेळणाऱ्या पोराने पोट दुखतं म्हणून गळा काढला. दया येऊन त्याला डॉक्टरकडे नेलं, तर तो दवाखान्याच्या मागच्या दाराने निघून थेट सेठच्या मोटारीत जाऊन बसला. तेव्हापासून रुपरावने क्लबाचा नियमच केला होता: सही होईपर्यंत कोणाचं काही दुखत नाही.

या वर्षीचं सावज होतं चंद्रभान उके. बल्लारशाच्या कॉलरीकडून, म्हणजे कोळशाच्या खाणीकडून खेळणारा, विशीतला सेंटर फॉरवर्ड. कुबेर इलेव्हनला त्याने एका सामन्यात रडवलं होतं, म्हणून सेठची मोटार त्याच्या चाळीपर्यंत जाऊन आली होती. रुपराव तिच्या आधी पोचला. चंद्रभानच्या आईच्या पाया पडला, "तुमचं पोट्टं ते माझं पोट्टं" म्हणाला, आणि पोराला पॅसेंजरने नागपुरात आणून, डोक्यावरून घोंगडं पांघरून, भर उन्हात सायकलरिक्षाने नंदनवनात उतरवलं. शेजाऱ्यांना वाटलं, श्रीधररावांकडे कोणी म्हातारा आजारी आला.

मागच्या खोलीला बाहेरून कुलूप लागलं. किल्ली रुपरावने करदोट्याला बांधली.

"कुलूप कशाला?" शामलाने विचारलं.

"चोरासाठी वहिनी."

"चोर आत आहे का?"

"चोर सदरमध्ये हाये," रुपराव म्हणाला, आणि ओमप्रकाश असा हसला की चिमी दचकून उठली.

सेठ पैसा चारतो, आपण खुराक चारायचा, असं ठरलेलं होतं. महालातल्या खानावळीतून तर्रीवाल्या मटणाचा डबा येई, उकडलेली अंडी येत, वाटीभर तूप येई. खिडकीच्या गजांतून डबा आत जाई आणि जवळजवळ तसाच परत येई.

"नखरे सुरू झाले," रुपराव डब्यात डोकावून म्हणे. "सेठच्या गोलकीपरचा वारा लागला याले."

"मछली मांगेगा अब," ओमप्रकाश म्हणे.

चंद्रभान काही मागत नव्हता. पहिल्या दिवसांत तो खिडकीशी यायचा, मोज्यांचा बोळा करून गुडघ्यावर उडवून दाखवायचा, आणि अंगणात शामलाच्या कडेवर चिमी खिदळायची. मग तो खिडकीशी येईनासा झाला. पत्र्याच्या त्या खोलीत भिंतीला पाठ लावून पडून राहायचा. "उन्हानं होते ताई," एवढंच म्हणायचा.

शामलाला रोज सकाळी चिमीला उजेडात नेऊन तिचे डोळे, नखं, जीभ बघायची सवय होती. पहिलटकरणीचं वेड म्हणून श्रीधर तिला हसे. त्या सकाळी चंद्रभान पाण्याचा पेला घ्यायला कसाबसा खिडकीशी आला, ऊन त्याच्या तोंडावर पडलं, आणि शामलाची नजर सवयीने त्याच्या डोळ्यांकडे गेली. पांढरं असायला हवं ते लिंबाच्या सालीसारखं झालं होतं. गज धरलेल्या बोटांची नखंही तशीच.

खरं सांगायचं तर तिच्या मनात आधी तो आलाच नाही. आदल्या दिवशी त्याचा पेला चिमीने तोंडात घातला होता, तो पेला आला. ती धावत आत गेली, पेला उकळला, चमचे उकळले, चिमीचा खुळखुळा उकळला. मग तिला आपलीच शरम वाटली. शरम वाटूनही तिने पेला पुन्हा एकदा उकळला, आणि मगच खिडकीशी परत गेली.

"चंद्रभान, कधीपासून होतंय हे?"

"आलो तवापासून मळमळून राहिलं ताई. त्या तर्रीचा वास आला का पोटात ढवळते."

"रुपरावभाऊंना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं नं. ते म्हंते, सही झाली का सांग."

"खरं बोल. तुला सेठकडे जायचंय का?"

तो भिंतीला टेकला. "मले कोणाकडेच नाई जायचं. मले पेज पाहिजे. मायच्या हातची."

दुपारी श्रीधर जेवायला आला तेव्हा तिने सांगितलं. त्याने घास मोडता मोडता ऐकलं आणि मागल्या वर्षीच्या लेफ्ट आउटची गोष्ट सांगायला घेतली.

"अहो, त्याचे डोळे पिवळे झालेत!"

"उद्या सही आहे शामला. एक दिवस. तुले नाही कळत, हे पोट्टे काय काय करतात."

संध्याकाळी तिघंही जमले. सेठची मोटार अजनी स्टेशनाभोवती घिरट्या घालते आहे, अशी बातमी ओमप्रकाशने आणली होती, आणि रुपराव तिच्यावर तुटून पडला होता. शामला चिमीला कडेवर घेऊन बाहेर आली.

"रुपरावभाऊ, किल्ली द्या. त्या पोराला कावीळ झालीय. दवाखान्यात न्यायचंय."

रुपरावने श्रीधरकडे पाहिलं, ओमप्रकाशकडे पाहिलं, आणि लहान मुलाला समजवावं तसं बोलू लागला. "वहिनी, तुम्ही भोळ्या हा. डोळ्यात हळद घालून घेतली असंन त्यानं. सेठची शिकवणी हाये ही."

"भाभीजी, ये सब चाल है," ओमप्रकाशने दुजोरा दिला.

"तू आत जा," श्रीधर म्हणाला.

शामला आत गेली. स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेऊन बाहेर आली आणि झाकण काढून तो तिने रुपरावच्या पुढ्यात ठेवला.

"घाला."

"काय?"

"हळद. तुमच्या डोळ्यात. चिमूटभरच घाला. किती वेळ उघडे ठेवता ते बघू. तो दिवसभर ठेवून बसलाय."

रुपराव डब्यापासून मागे सरकला. चिमीने डब्याकडे हात केला, तो तेवढा शामलाने आवरला.

"हसा की आता," ती म्हणाली. "सेठ माणसं विकत घेतो, नाही? निदान त्याच्या गोलकीपरला मासोळी मिळते. तुम्ही फुकटात आणलं, कोंडलं, आणि कावीळ झालेल्या पोराला तूप चारलं. उद्या हे पोर ऑफिसच्या पायरीवर पडलं तर सदरमध्ये काय बोलतील ते सांगा ओमप्रकाशजी, तुम्हीच तिथल्या बातम्या आणता."

सदरचं नाव निघालं तसा ओमप्रकाशचा चेहरा उतरला. "रुपराव, बात तो…" तो पुटपुटला.

"उद्या सकाळी सही," रुपराव म्हणाला, "अन् तिथून सीधा दवाखाना. मी सोता नेतो. एका रात्रीनं काय होते वहिनी?"

"तुमच्या लेकाला झाली असती तर?"

उत्तर दिलं श्रीधरने, जमिनीकडे बघत. "दे गा किल्ली."

मग आझाद स्पोर्टिंगच्या सेक्रेटरीने भिंतीकडे तोंड केलं, धोतराचा सोगा वर धरला, आणि एका बाईच्या देखत करदोट्याची गाठ सोडत बसला. ती काही लवकर सुटेना.

रिक्षात चंद्रभानचं डोकं शामलाच्या खांद्यावर कलंडत होतं. दुसऱ्या बाजूला तिने चिमीला पदराखाली घट्ट धरलं होतं, त्याच्यापासून होईल तितकं लांब. मागून सायकलची चेन वाजत होती. तिने वळून पाहिलं नाही, पण ती चेन कोणाची ते तिला माहीत होतं. मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचल्यावर श्रीधरने हात पुढे केले आणि चिमीला घेतलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, यकृत फार सुजलंय म्हणाले, आणि आणखी उशीर केला असता तर काय झालं असतं ते शामलाला बाजूला घेऊन सांगितलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शामला पेजेचा डबा घेऊन गेली, तर खाटेच्या एका बाजूला रुपराव उभा, असोसिएशनच्या माणसाला सहीच्या कागदासकट घेऊन. दुसऱ्या बाजूला सफारी सूट घातलेला सेठचा माणूस, हातात फळांची करंडी आणि खिशाला पेन. बातमी कोणी पोचवली देव जाणे. ओमप्रकाश त्या संध्याकाळी व्हरांड्यात फिरकला नाही एवढं खरं. चंद्रभानचे डोळे मिटलेले, आणि हे दोघं त्याच्या अंगावरून एकमेकांना शिव्या घालत होते.

तेवढ्यात डॉक्टर आले. काय चाललंय ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा या वर्षी खेळत नाही. पुढच्या वर्षीचंही सांगता येत नाही. आधी जगू द्या."

सेठच्या माणसाने पेन खिशात खोल सारलं. रुपरावने कागदाची घडी केली. वॉर्डातून दोघं एकाच दाराने बाहेर पडले, आणि निघताना सफारी सूटवाल्याने फळांची करंडी उचलून बरोबर नेली.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात ही करंडीच गाजली.

"फळं वापस नेले गा! येवढा मोठा सेठ!" रुपराव हसून हसून खोकत होता. "पण चुना लावला का नाई आपण त्याले? बिमार घोड्याले दाणा घेऊन आलता."

श्रीधर हसला नाही. उठून आत आला आणि शामलाला म्हणाला, "उद्यापासून यांचा चहा बंद." खरोखर बंद झाला. ते आता दुसऱ्या कोणाच्या तरी व्हरांड्यात बसतात, आणि सेठ काय खातो, कोणाला विकत घेतो, याची तिथे चर्चा करतात. चंद्रभानचं नाव काढलं तर रुपराव म्हणतो, "कोण? तो बल्लारशाचा? त्याच्यात काई दम नोयता."

चंद्रभानला त्याचा भाऊ घेऊन गेला. डॉक्टर अजून राहू द्या म्हणत होते, पण भावाची खाणीतली पाळी बुडत होती. स्टेशनवर श्रीधर पोचवायला गेला होता. पोराला डब्यात दोघांनी उचलून चढवावं लागलं, असं तो सांगत होता. शामलाने कार्डं टाकली, त्यांना उत्तर नाही. चिमीला घेऊन एवढ्या लांब जायचा तिला धीर होत नाही, आणि चिमीला ठेवून जायचा तर त्याहून नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाचं बल्लारशाकडे जाणं झालं, तर शामलाचं एवढं काम करा. कॉलरीच्या चाळीत उक्यांचं घर कोणीही दाखवेल. फुटबॉलचं काही काढू नका, कोणत्या क्लबाचंही नाव घेऊ नका. त्याची आई दारात येईल, तिला विचारा, चंद्रभान कसा आहे, त्याला जेवण जातं का. आणि ती काय म्हणते ते, जे असेल ते, नंदनवनला कळवा.