नाक्यावरची सावली

"नाक्यावर गाडीखाली लेकीला निजवू नकोस गं. उभी गाडी म्हणजे निजलेला साप," असं थोरल्या जाऊबाईंनी निघताना बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. "काहीतरीच तुमचं, ताई! चावी यांच्या खिशात. गाडी काय आपणहून चालणार?"

पण राज्याच्या सीमेवरच्या त्या तपासणी नाक्यावर चावी खिशात राहत नाही. कागदांबरोबर तीही खिडकीत जमा करायची, ही तिथली रीत. कुठल्याही नियमात न लिहिलेली. सकाळपासून ट्रकांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. पुढच्या गाडीतल्या भाजीला वास सुटला होता, मागच्या गाडीतली औषधं उन्हात तापत होती.

"अहो, आपले कागद बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत म्हणून तर घोडं अडलंय! चूक असती तर दंड भरून केव्हाच सुटलो असतो. आता साहेब चूक शोधतायत," म्हणत ट्रक चालवणारा तिचा नवरा पुन्हा खिडकीकडे गेला.

केबिनची भट्टी झालेली. आसपास झाडाचं नाव नाही. तान्ही लेक रडून रडून लालबुंद झाली, तेव्हा तिने ट्रकखालच्या सावलीत दुपटं अंथरलं. लेक निजली. ती जागची हलणार नव्हती. पण पाण्याचा कॅन रिकामा झाला. मागच्या ट्रकवाल्याकडे पाणी मागायला गेली, तीही मान वळवून वळवून बघत.

आणि इंजिन गुरगुरलं.

नवरा तर समोर खिडकीशी उभा. मग गाडीत कोण? नाक्यावरचा माणूस, ट्रक बाजूला घ्यायला चढलेला. पुढची चाकं वळली. मागची आत, दुपट्याच्या रोखाने येऊ लागली. कॅन टाकून ती खाली शिरली, हाताला लागला तो इवलासा पाय धरून ओढला. चाक दुपट्यावरून गेलं. लेक रडेचना. मग पोरीने टाहो फोडला, तेव्हा कुठे आईचा श्वास सुटला.

"मला काय स्वप्न पडलं, खाली पोर आहे म्हणून?" उतरलेला माणूस पांढराफटक पडला होता.

"वाकून बघायला स्वप्न पडावं लागतं का, दादा?"

ती लेकीला घेऊन ट्रकसमोर रस्त्यातच बसली. खिडकीतले साहेब धावत आले. "बाई, उठा. रस्ता अडतोय."

"आणि सकाळपासून कुणी अडवलाय? ज्याची चावी त्याला द्या. तोवर मी उठत नाही."

"अगं, याच रस्त्याने परत यायचंय आपल्याला," नवरा कुजबुजला.

तिलाही तीच धास्ती होती. तरी ती उठली नाही. थोड्या वेळाने मागचा ट्रकवाला शेजारी येऊन बसला. मग आणखी एक. अखेर चाव्या परत मिळाल्या, त्या दिवसापुरत्या.

नाका अजून तसाच आहे. कुठे इंजिन सुरू झालं की ती अजूनही आधी लेकीला उराशी धरते. तुमची मोटार अशा रांगेच्या कडेने निघेल तेव्हा तिचं एवढंच मागणं आहे: जरा थांबा, काच खाली करा. एखाद्या ट्रकपाशी बाई दिसली तर विचारा, "ताई, पाणी आहे का? आणि लेकरू कुठे निजवलंय?"