शशिकलाअक्काची सरासरी

ब्याडगीत मिरचीचा हंगाम सुरू झाला की अख्खं गाव शिंकतं आणि आमच्या शाळेतली कंप्युटरची खोली बंद होते. धुराळ्यानं मशीन बिघडेल म्हणून. पावसाळ्यात ती ओल लागेल म्हणून बंद असते. आठवीत मी हौसेनं हा विषय घेतला, तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी आम्ही कंप्युटरचं चित्र काढलं, नववीत त्यालाच रंग दिले. दहावीत आयुधपूजेला खोली उघडली. पाच मशिनांना हळदकुंकू लावलं, कोहळा फोडला, आणि कडकोळ सरांनी आम्हाला दारातूनच नमस्कार करायला लावून पुन्हा कुलूप घातलं.

अकरावी-बारावीला प्रॅक्टिकल. म्हणजे वही. उजव्या पानावर प्रोग्रॅम, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं त्याचं उत्तर. हे सगळं शशिकलाअक्काच्या वहीतून उतरवायचं. ती सहा वर्षांपूर्वी पहिली आली होती, आता बेंगळुरूत इंजिनियर आहे. तिची वही सरांच्या कपाटात लाल फडक्यात असे. परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले की दरवर्षी नेमका करंट जायचा, कारण शिपाई फक्कीरप्पा फ्यूजपाशीच उभा असायचा. मग वह्या बघून मार्क पडायचे.

या वर्षी आमदारांनी शाळेला इन्व्हर्टर दिला आणि घात झाला.

आता मशीन चालवून दाखवणं भाग होतं. आठ दिवस आधी खोली उघडली. बाकीच्यांना बटणं सापडेनात. मी मात्र एकेक अक्षर शोधून सरासरीचा प्रोग्रॅम टाइप केला. मार्क बहात्तर, अडुसष्ट, एकोणऐंशी. वहीत उत्तर त्र्याऐंशी होतं, पडद्यावर त्र्याहत्तर आलं. मी बोटांवर बेरीज केली. दोनशे एकोणीस भागिले तीन, त्र्याहत्तरच. जिला एकाही विषयात ऐंशी नाहीत तिची सरासरी त्र्याऐंशी कशी, हे सहा वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे वहीत खोडून त्र्याहत्तर लिहिलं.

सरांनी सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं.

"काय गं नागरत्ना, शशिकलापेक्षा शहाणी झालीस?"

"सर, कंप्युटरच म्हणतोय."

"तो पाच वर्षं बंद होता. आत मिरची गेलीय त्याच्या. त्याला काय कळतंय? उत्तर नीट कर, मग सही."

सही नाही तर परीक्षा नाही. आणि बारावी बुडाली तर अव्वाच्या, म्हणजे आईच्या, शेजारी बसून मिरचीचे देठ खुडायचे, हे घरात ठरलेलं होतं. अव्वाला सगळं सांगितलं. तिची बोटं लाल, सुजलेली.

"तुझं बरोबर असेल गं पोरी," ती म्हणाली, "पण आधी सही घे. बरोबर असून माझ्या शेजारी बसणार आहेस काय?"

तरी मी चार दिवस अडून बसले. पाचव्या दिवशी सरांनीच मला खोलीत बोलावलं. चेहरा उतरलेला.

"परीक्षकांनी बटण दाबलं तर पडद्यावर काय येईल?"

"त्र्याहत्तर, सर."

"आणि बाकीच्या एकोणसाठ वह्यांत त्र्याऐंशी." ते खुर्चीत बसले. "एवढ्या वह्या आता कोण लिहिणार? मशिनं पाचच आहेत. तू त्यांना समजाव. तुझी सही लगेच करतो."

मला रडूच आलं. सर डोळे पुसायला रुमाल देत म्हणाले, "मिरची गेली काय डोळ्यात?"

मी पाचही मशिनांवर बसले. सरासरी काढून झाल्यावर जिथे ती छापायची, तिथे एक ओळ घातली. आलेल्या उत्तरात दहा मिळवा. बटण दाबलं. त्र्याऐंशी. मग मी वहीतलं त्र्याहत्तर खोडलं.

परीक्षकांनी पाचही मशिनं चालवून पाहिली, वह्या पाहिल्या, मान डोलावली. "मशीन आणि मुलं, दोघांचं तंतोतंत जुळतं. असं आमच्या राणेबेन्नूरलासुद्धा नाही."

मला तीसपैकी तीस पडले. पाच वर्षांत स्वतःच्या डोक्यानं मी ती एकच ओळ लिहिली होती.