चंद्रावरचा डाग

टेबलावर एक कॅमेरा, तो दुर्बिणीला जोडायचा अडॅप्टर आणि काकांची वही होती. वहीत चंद्राची एकोणीस चित्रं, प्रत्येकात मधोमध काळा डाग. हा शोध वेधशाळेला कळवायचाच, असा काकांचा हट्ट होता. फोटोचा पुरावा मी द्यायचा होता.

दुपारी चंद्र उगवल्यावर मी दुर्बिणीचं नेत्रभिंग काढून तिथे कॅमेरा बसवला. बारा फोटो काढले. डाग कशातच नव्हता.

"तुझ्या कॅमेऱ्यालाच मोतीबिंदू झालाय, पोरी!" काका हसले.

मी नेत्रभिंग परत बसवलं. "काका, आता दुसऱ्या डोळ्याने बघा."

त्यांचं हसू मावळलं. आम्ही चार वेळा तपासलं. उजव्या डोळ्याने डाग चारही वेळा दिसला, डाव्याने एकदाही नाही.